नातवाचा जिना त्यालाच चढू द्या

पत्र

स.न.वि.वि.
आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात आणि नातू दिवसभर आमच्याकडे असतो. तो वीस महिन्यांचा आहे. पंधराव्या महिन्यात तो चालू लागला. शेजारची मुलगी दहाव्या महिन्यातच चालत होती, त्यामुळे नातेवाईक बरेच बोलले. वॉकर घेतला नाही हे आमचे चुकले, असेही म्हणाले. आता मात्र तो एका जागी बसत नाही. सोफ्यावर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. जिना स्वतःच चढायचा म्हणून हट्ट धरतो आणि प्रत्येक मजल्यावर थांबून, मागे वळून स्वतःच टाळ्या वाजवतो. माझ्या हातात भाजीची पिशवी असते, म्हणून उचलले तर अंग टाकून रडतो आणि घरात आल्यावर पुन्हा खाली जायचे म्हणून दाराशी बसून राहतो. पाहुणे आले की हे त्याला ‘चढून दाखव, चेंडू मारून दाखव’ म्हणतात, बिस्कीट देतात, व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. हल्ली तो पाहुण्यांसमोर काहीच करत नाही, माझ्या पदरात तोंड लपवतो. मुलाचे तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते, असे माझ्या आईने शिकवले. एवढ्याशा पोराला एवढा तोरा बरा का? सून म्हणते, ‘आई, त्याला करू द्या.’ पण उद्या पडला तर बोल माझ्यावरच येणार. मी काय करावे?
— एक आजी, नेरूळ

उत्तर

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नातवाला स्वतःच्या अंगबळावर काहीतरी जमले की त्याला जो आनंद होतो तो कोणाचा, आणि त्यात घरातल्या मोठ्यांनी किती हात घालायचा? माझे मत आधीच सांगते. तो आनंद त्याचा आहे, त्याने तो कष्टाने मिळवलेला आहे, आणि घरातल्या तुम्हा सगळ्यांचे काम त्याची राखण करण्याचे आहे.

त्याला तोरा म्हणू नका. तोरा मिरवायला कोणीतरी आपल्यापेक्षा कमी असावे लागते आणि वीस महिन्यांच्या मुलाच्या मनात असे कोणी नसते. डेबोरा स्टायपेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना स्वतःच्या यशाबद्दल काय वाटते हे टप्प्याटप्प्याने पाहिले होते. अगदी लहान मुले एखादी गोष्ट जमली की हसतात, पण ती त्या गोष्टीकडे पाहूनच हसतात. दोन वर्षांच्या सुमारास ती काम झाल्यावर मान वर करून मोठ्यांकडे पाहू लागतात, आणि आपण दुसऱ्यापेक्षा पुढे की मागे याची जाण त्यानंतर, तिसऱ्या वर्षाच्या आसपास येते. तुमचा नातू मजल्यावर पोहोचल्यावर मागे वळून पाहतो असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे तो यातल्या दुसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. जमल्याचा आनंद त्याला आधीपासून होताच, आता तो आनंद आजीने पाहावा असेही त्याला वाटू लागले आहे. ही वाढीची खूण आहे आणि ती ज्या आजीला रोज दोन वेळा पाहायला मिळते, तिने तिचा आनंदच मानावा.

एक पायरी चढताना तो नेमके काय करतो, हे पुढच्या वेळी जरा वाकून पाहा. आपल्याला जी पायरी पाऊलभर वाटते ती त्याच्या जवळजवळ गुडघ्यापर्यंत येते. आधी तो दोन्ही तळवे वरच्या पायरीवर टेकवतो, एक गुडघा वर घेतो, क्षणभर पोट पायरीच्या कडेवर येते, मग मागे राहिलेला पाय ओढून घेतो, आणि हे सगळे झाल्यावर उभे राहायचे की तसेच रांगत पुढची पायरी धरायची याचा निर्णय घेतो. कधी कठडा सापडतो, कधी नुसत्या भिंतीवर हात फिरत राहतो. कधी दोन्ही गुडघे वर घेऊन झाल्यावर चप्पल खालच्या पायरीवर राहते आणि ती आणायला तो पुन्हा खाली उतरतो. तीन मजल्यांच्या जिन्यात हे त्याला कितीतरी वेळा करावे लागते, आणि प्रत्येक वेळी तोल, ताकद आणि अंदाज या तिन्हींचा कस लागतो. एवढे करून मजल्यावर पोहोचलेल्या मुलाने टाळ्या वाजवल्या तर त्या वाजवण्याचा त्याला पुरेपूर हक्क आहे.

आता उचलून घेतल्यावरचे रडणे आणि दाराशी बसून राहणे. हा निव्वळ हट्ट नाही. त्याने जे काम हाती घेतले होते ते कोणीतरी मध्येच हिसकावून पूर्ण करून टाकले, आणि त्याच्या दृष्टीने ते झालेच नाही. म्हणून त्याला पुन्हा खाली जाऊन पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची असते. वर पोहोचणे हे तुमचे काम होते, चढणे हे त्याचे होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या वयातला मुख्य झगडा असाच मांडला होता: मूल स्वतःच्या बळावर करू पाहते आणि त्याला सतत अडवले किंवा लाजवले गेले तर त्याच्या मनात स्वतःबद्दल शंका रुजते.

अर्थात हातात कांदे-बटाट्यांची पिशवी, डोक्यावर ऊन आणि घरी गॅसवर काहीतरी ठेवायचे असताना अर्धा तास जिन्यात उभे राहणे तुम्हाला शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. म्हणून माझी सूचना अशी की जिन्याचे दोन प्रकार ठरवून टाका. भाजी घेऊन येताना खालीच, पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी त्याला सांगायचे, ‘पहिला मजला तू चढ, पुढचे आजी उचलून नेणार.’ वीस महिन्यांच्या मुलाला बोलता येते त्याहून कितीतरी अधिक समजते. पहिले काही दिवस तो तरीही रडेल, पण दररोज तेच घडते हे लक्षात आले की रडणे कमी होते. आणि दिवसातून एक फेरी अशी ठेवा की ज्या वेळी हातात काही नाही, कुठे पोहोचायची घाई नाही. संध्याकाळी खाली खेळून परत येताना ती सहज जमेल. त्या फेरीत तो कितीही वेळ घेवो, वाटेत थांबो, शेजाऱ्यांच्या दारावरचे तोरण पाहत बसो, तुम्ही त्याच्या मागे एक पायरी खाली उभ्या राहा, एक हात कठड्याला आणि दुसरा मोकळा. हात त्याच्या अंगाला लावायचा नाही, पण तोल गेला तर लगेच पोहोचेल इतका जवळ ठेवायचा. तुमचे गुडघे दुखत असतील तर ही फेरी आजोबांनी घ्यावी.

उतरणे हे चढण्याहून अवघड असते आणि ते शिकवावे लागते. वरच्या पायरीवर पोहोचल्यावर त्याला उलटे वळायला शिकवा, म्हणजे पोट जिन्याकडे आणि पाय खाली. ‘पाठ फिरव, पाय खाली’ असे तेच ते शब्द रोज म्हणत गेलात तर काही दिवसांनी तो स्वतःच वळेल. दोन्ही पाय एकेका पायरीवर ठेवत उभ्याने जिना चढणे साधारण दोन वर्षांच्या आसपास जमते, आणि मोठ्यांसारखे एकाआड एक पाय टाकत चढणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. त्यामुळे आज तो हात टेकून चढतो यात काही कमी नाही. पावसाळ्यात मात्र छत्र्यांचे पाणी जिन्यात गळत असते, पायऱ्यांना ओल येते. तेव्हा एकतर जिना पुसलेला असावा, नाहीतर त्या दिवशी उचलून न्यावे. घरात टाइल्सवर त्याला अनवाणीच राहू द्या, मोज्यांनी पाय घसरतो आणि बोटांची पकड बसत नाही.

पडण्याबद्दल. न्यूयॉर्क विद्यापीठातील केरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बारा ते एकोणीस महिन्यांची मुले खेळताना किती चालतात याची नोंद प्रसिद्ध केली. सरासरीने ही मुले तासाला २,३६८ पावले टाकत होती आणि तासाला १७ वेळा पडत होती. मला या नोंदीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की पडूनही ती चालायची थांबत नव्हती. या वयात पडणे हा शिकण्याचाच भाग असतो, आणि ते अपयश आहे हे मुलाला ठाऊक नसते. ते त्याला आपल्या चेहऱ्यावरून कळते. १९८५ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात एक वर्षाच्या बाळांना काचेच्या अशा पृष्ठभागावर ठेवले होते की अर्ध्या वाटेवर खाली खोल आहे असे वाटावे. समोर उभ्या असलेल्या आईने आनंदी चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळे रांगत पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. तुमचा नातू मागे वळतो तेव्हा तो टाळ्यांसाठी वळतो तसाच हे विचारण्यासाठीही वळतो की पुढची पायरी धरायची ना? त्या क्षणी ‘अगंबाई, पडशील!’ असे तोंडून निघाले तर त्याला फक्त भीती कळते, काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी ‘कठडा धर’, ‘पाय पूर्ण ठेव’, ‘हळू, इथे ओले आहे’ असे म्हटले तर त्याच काळजीतून त्याला उपयोगी पडणारी गोष्ट मिळते. सवय बदलायला वेळ लागेल, कारण ती ओरड आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेवर आहे.

मात्र जिथे पडणे परवडणार नाही तिथे कोणतीही तडजोड नको. सोफा, पलंग, स्टूल, पाण्याचा पिंप, कुंडी, काहीही खिडकीखाली किंवा गॅलरीच्या कठड्याजवळ ठेवू नका. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते आणि वाकून पाहताना मूल चटकन पुढे कलंडते. खिडक्यांना ग्रिल असली तरी गजांमधले अंतर तपासा, आणि ग्रिलवर पाय ठेवून चढता येतील अशा आडव्या पट्ट्या असतील तर त्याला तिथे एकटे सोडू नका. टीव्हीचे कपाट आणि चपलांचे रॅक भिंतीला पक्के करून घ्या, कारण ज्याला चढता येते तो त्यांच्या कप्प्यांवरही चढणारच. फिरायला नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात नेत असाल तर हिरवळीवर मोकळे सोडा, पाण्याच्या कडेला हात सोडू नका. एवढे केले की उरलेले टेंगूळ आणि खरचटलेले गुडघे सहन करण्याजोगे राहतात.

कौतुकाच्या प्रश्नावर तुम्ही आणि तुमचे यजमान दोन टोकांना उभे आहात. दोघांच्याही पोटात माया आहे याबद्दल मला शंका नाही, पण दोन्हीकडे थोडे सरकावे लागेल.

पाहुण्यांसमोर ‘करून दाखव’ म्हणणे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतच नाही. नातवाने पदरात तोंड लपवले यातून मात्र त्याने स्वतःच उत्तर दिलेले आहे. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मुलाला आपण लोकांना दिसतो आहोत याची जाणीव होऊ लागते. ब्यूला अॅम्स्टरडॅम या संशोधिकेने १९७२ मध्ये मुलांच्या नाकावर रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशासमोर ठेवले होते. या वयाच्या बऱ्याच मुलांनी आरशाऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावला, आणि काही जण आरशात पाहून लाजलीही. तुम्ही नातवाच्या गालाला काजळाची तीट लावत असाल तर घरीच पाहा, तो आरशात पाहून स्वतःच्या गालाला हात लावतो का. ही जाण आली की तेच चढणे, तोच चेंडू, चार अनोळखी चेहऱ्यांसमोर आणि वर धरलेल्या मोबाइलसमोर नकोसा वाटतो. तो बिघडलेला नाही आणि आजोबांचा अपमानही करत नाही. त्यांना एवढेच सांगा की पाहुणे आले की नुसता चेंडू जमिनीवर ठेवावा. वाटले तर तो मारेल, आणि मारला तर तो खेळ त्याचा असेल. आजोबांना व्हिडिओ काढायचाच असेल तर तो खेळण्यात रमलेला असताना, दुरून काढावा.

बिस्कीट मात्र आजपासून बंद करावे. २००८ मध्ये जर्मनीत वीस महिन्यांच्याच मुलांवर झालेला एक प्रयोग आहे. पडलेली वस्तू उचलून द्यायला या वयाची मुले आपणहून धावतात. पण ज्यांना त्याबद्दल प्रत्येक वेळी काही वस्तू बक्षीस दिली, ती पुढे बक्षीस मिळेनासे झाल्यावर मदतीला कमी येऊ लागली. ज्यांना फक्त शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळाले नाही, त्यांचा उत्साह टिकून राहिला. तो प्रयोग मदत करण्याविषयी होता, पण चढण्या-उतरण्याच्या आनंदालाही तो लागू पडावा असे मला मनापासून वाटते. भूक लागली की बिस्कीट द्या, चेंडू मारला म्हणून देऊ नका.

आणि दृष्टीबद्दल. तुमच्या आईने शिकवलेले मी खोडून काढणार नाही. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकाव्यात असे वाटले तर खुशाल टाका, त्यात नातवाचे काहीच नुकसान नाही. पण त्याने मागे वळून पाहिले आणि तुम्ही दृष्टीच्या भीतीने तोंड फिरवले किंवा चेहरा कोरा ठेवला, तर त्याला दृष्टीची गोष्ट कळणार नाही. आजीला आवडले नाही, एवढेच कळेल. ‘किती हुशार गं माझा राजा’ असे चारचौघांत म्हणायला तुम्हाला संकोच वाटत असेल तर ते म्हणण्याची गरजही नाही. त्याने काय केले ते तेवढे सांगा: ‘चढलास सगळा जिना!’, ‘दोन वेळा घसरलास, तरी पुन्हा चढलास.’ २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या मुलांशी आई-वडील घरी कसे बोलतात याची नोंद ठेवली होती. ज्यांच्या कौतुकात मुलाच्या प्रयत्नाचा उल्लेख अधिक होता, ती मुले पुढे सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड कामाला हात घालायला अधिक तयार होती. तुम्हाला तर हे सोपे आहे, कारण त्याचा प्रयत्न पायरीगणिक पाहणाऱ्या तुम्हीच आहात.

नातेवाइकांच्या बोलण्याचे उत्तर थोडक्यात देते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत भारतातील मुलेही होती. आधाराशिवाय चालण्याचे वय त्यात साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. दहावा महिना आणि पंधरावा महिना दोन्ही त्याच पट्ट्यात बसतात. वॉकर न घेण्याचा तुमचा निर्णय तर उत्तम होता. मुलाला मध्ये बसवून ढकलत नेणारे चाकांचे वॉकर चालायला शिकवत नाहीत आणि जिन्यावरून कोसळण्याचे मोठे कारण ठरतात, म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो पुढे ढकलते. पुढे कधी घरात तान्हे बाळ आले आणि कोणी भेट द्यायची म्हणाले, तर पांगुळगाडा मागा.

डॉक्टरांना कधी दाखवायचे तेही सांगते. दीड वर्षापर्यंत मूल चालू लागले नाही, सतत टाचा उचलून चवड्यांवरच चालले, एकाच बाजूचा हात-पाय वापरू लागले किंवा येत असलेली गोष्ट करेनासे झाले, तर थांबू नये. तुमच्या नातवाबाबत असे काही पत्रात दिसत नाही. तरीही त्याचा १६ ते २४ महिन्यांमधला बूस्टर डोस व्हायचा असेल तर त्या भेटीत बालरोगतज्ज्ञांना त्याची चाल एकदा पाहायला सांगा. डोक्यावर पडल्यानंतर शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटके आले, नेहमीच्या वेळी नसताना झापड आली किंवा कानानाकातून रक्त अगर पाणी आले, तर लगेच रुग्णालय गाठायचे.

शेवटचा प्रश्न तुमच्या मनाला सर्वांत जास्त टोचणारा आहे असे मला पत्र वाचताना जाणवले. ‘उद्या पडला तर बोल माझ्यावरच येणार.’ सून ‘करू द्या’ म्हणते तेव्हा ती ऑफिसात असते आणि जिन्यात तुम्ही असता, हे खरेच आहे. ज्याच्यावर दिवसभराची जबाबदारी असते त्याला अधिक भीती वाटणारच. म्हणून हे एकट्याने मनात ठेवू नका. रविवारी मुलगा-सून घरी असताना चौघे बसा आणि मोकळेपणाने ठरवा: कोणत्या वेळी तो जिना स्वतः चढेल, कधी उचलून न्यायचे, गॅलरीचे दार कोण लावेल, लागले तर कोणत्या डॉक्टरकडे जायचे आणि आधी कोणाला फोन करायचा. सुनेला स्पष्ट सांगा की त्याला करू द्यायला माझी तयारी आहे, पण त्यात पडणेही आले, आणि ते आपण सगळ्यांनी मिळून मान्य केलेले असावे. तिने हे तुमच्या तोंडून ऐकले की ‘करू द्या’ म्हणण्यातला अर्धा भार तिच्याही खांद्यावर येईल. शक्य झाले तर त्याच रविवारी संध्याकाळची जिन्याची फेरी तिला घेऊ द्या, आणि तुम्ही घरी बसून चहा घ्या.